भाग एक, दोनपैकी

आमच्या बाचीत पुढच्या दारी उभं राहिलं
की फोनवर कर्नाटक,
परड्यात म्हशीकडं गेलं की महाराष्ट्र.
'आपले स्वागत आहे', कंपनी लिहिते.
म्हैस रवंथ करत बघते.
कोर्टात जे इतकी वर्षं भिजत पडलंय
ते हा टॉवर माझं शेण काढून होईस्तोवर निकालात काढतो,
आणि पाटी धुवायला पुढं आलो की
निकाल फिरवतो. रोमिंग लावून.

कार्ड घेतलं ते स्वस्त म्हणून.
उद्यमबागेत लेथवरच्या सगळ्यांनी घेतलं होतं.
एकोणीस रुपयांत शंभर मेसेज.
दुकानातला नारू हुंदरे म्हणाला, घे की गा, काय विचार करूलालास?
त्यानं सांगितलं नाही ते असं:
इंग्रजी अक्षरं एका मेसेजात एकशेसाठ मावतात,
आपली सत्तर.
काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटीही वेगळी मोजतात.
लेकुरवाळं अक्षर आपलं,
कडेवरच्या पोराचंही तिकीट.
लेथवर मी सुताचा फरक हातानं ओळखतो.
हा नाही ओळखला.

नेसरीला माझी थोरली बहीण, शेवंता.
सातवी शिकलेली.
इंग्रजी अक्षरात मराठी म्हणजे तिला भातात खडा.
पाटीवर लिहावं तसं लिहिते, पूर्णविराम देते.
यात्रेच्या आदल्या रात्री तिचा आला:
'चिरंजीव भैरूस आशीर्वाद. यंदा लक्ष्मीच्या यात्रेला आम्ही सगळी येणार'

आम्हाला तेवढं पुष्कळ.
मटणाचा वाटा वाढवून सांगितला.
शिनोळी फाट्यावर दुपारी एकपासून उभा.
चंदगडची गाडी गेली, गडहिंग्लजची गेली,
तिसरीतून कोंबडी काखेत धरलेली एक म्हातारी उतरली
आणि मलाच विचारू लागली, माझा भाऊ दिसला काय?
फाट्यावर रेंज मात्र पाची काड्या.

तिसऱ्या दिवशी कामावर, लोखंडाचा कीस उडत असताना, उरलेला तुकडा:
'नाही. धाकट्याला गोवर उठलाय. वैनीला सांग. राग धरू नको.'

मग मोजला मी पहिला भाग, बोट ठेवून ठेवून.
सदुसष्ट. तीन जागा कंपनी तुकडे जोडायला ठेवते म्हणे.
आणि आपल्यात नकार शेवटी येतो,
हे चाळीस वर्षं बोलून माझ्या ध्यानात नव्हतं.
आधी माणूस, मग सण, मग येणं,
सगळं ताटात वाढून झाल्यावर नाही.
शेजारच्या मशीनवरचा बसप्पा म्हणाला,
आमच्यातबी तसंच, 'बरंगिल्ला', इल्ला कायम मागच्या डब्यात.
बसप्पाचं कार्ड महागडं. त्याचे मेसेज पोचतात.
बायकोला तो फक्त 'हं' पाठवतो.

तक्रार केली. कन्नडला एक दाबा, हिंदीला दोन.
मी एक दाबला.
पोरीनं सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी, 'आगंगिल्ला री.'
तिचं इल्ला अख्खं पोचलं.

शेवंताला सांगितलं, नाही असेल तर आधी लिहीत जा.
ती म्हणाली, आशीर्वादाच्या आधी नाही?
कुठल्या वळणाचं लिहिणं हे?

तरी ऐकलं तिनं. भाऊबीजेच्या सकाळी आला:
'नाही. चिरंजीव भैरूस आशीर्वाद. भाऊबीजेला तू आला नाहीस तरी चालेल असं'

सणाला पॅक चालत नाही.
दोन्ही तुकड्यांचे पुरे पैसे तिचे गेले असणार.
असं काय? असं समजू नको?
असं मागं म्हटलं होतं, पण?
बायको म्हणाली, फोन करा. केला. लागला नाही.

दुसऱ्या भागासाठी थांबलो नाही.
साडीची पिशवी हँडलला अडकवली, किक मारली.
शिनोळी ओलांडताना खिशात फोन थरथरला.
गाडी बाजूला घेतली, चष्मा लावला.

महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.